परवान्यावरील तारीख

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायर हा परगणा आहे. तेथें स्केग्नेस, इंगोल्डमेल्स, मेबलथॉर्प अशीं गांवें समुद्राला लागून वसलीं आहेत, आणि त्यांच्या अवतीभोवतीं सपाट जमिनीवर लहान लहान घरांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. लांबून पाहणाराला तीं आगगाडीचे डबे रुळांवरून उचलून गवतावर मांडल्यासारखीं दिसतात. हींच तेथील सुटीचीं कॅराव्हॅन-घरें. उन्हाळ्यांत नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफील्ड अशा कारखान्यांच्या शहरांतून कुटुंबेंच्या कुटुंबें येथें उतरतात. दारापुढें दोऱ्यांवर ओले टॉवेल वाळत असतात, मुलें वाळूंत लोळतात, आणि संध्याकाळीं तळलेल्या मासळीचा वास सगळीकडे पसरतो. ऑक्टोबर सरला कीं हा सारा संसार उठतो. पार्कचे कामगार एकेका घराच्या नळांतलें पाणी काढून टाकतात, कारण थंडीनें तें गोठलें तर नळ फुटतो. गॅसच्या टाक्या बंद होतात, गाद्यांना ओल लागूं नये म्हणून त्या भिंतींपासून दूर उभ्या केल्या जातात, आणि दारांना कुलुपें लागतात.

हें केवळ पार्कच्या मालकाच्या सोयीसाठीं घडतें असें नाहीं. या भागाचा कारभार पाहणाऱ्या ईस्ट लिंडसे डिस्ट्रिक्ट कौन्सिलनें 2018 सालीं मंजूर केलेल्या विकास-आराखड्यांत नव्या किंवा वाढविल्या जाणाऱ्या पार्कांसाठीं असें धोरण घातलें कीं, समुद्राच्या पुराचा धोका असलेल्या पट्ट्यांत 15 मार्चपासून 31 ऑक्टोबरपर्यंतच माणसांनीं राहावें. 31 ऑक्टोबरला रविवार नसेल तर त्यापुढील रविवारपर्यंत सवलत असावी. आपल्या पैशानें घेतलेलें, आपल्या हातानें सजविलेलें घर. त्यांत अमुक दिवसानंतर झोपावयाचें नाहीं असें एखाद्या स्थानिक संस्थेनें सांगावें, हें ऐकणाराला प्रथम विचित्र वाटतें. परंतु ही तारीख लहरीची नाहीं. ती कोठून आली, आणि तिच्यामुळें एखाद्या कुटुंबाच्या पदरचें काय जातें, हें पाहण्याजोगें आहे. कारण कॅराव्हॅन विकत घेणाऱ्या पुष्कळांना दुसऱ्या गोष्टीचा पत्ता फार उशिरा लागतो.

मराठींत विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आहे. कॅराव्हॅन म्हटलें कीं तसेंच कांहीं डोळ्यांपुढें येतें: मोटारीमागें जोडलेलें, आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं नेलेलें बिऱ्हाड. तशा फिरत्या कॅराव्हॅनहि पुष्कळ आहेत. पण येथें ज्यांचा विचार करावयाचा आहे त्यांतील बहुतेक एक-दोनदांच प्रवास करतात. कारखान्यांतून लॉरीवर चढून त्या पार्कांत येतात, पाणी, वीज व सांडपाणी यांच्या जोडण्या होतात, आणि मोडीत निघेपर्यंत त्या बहुधा हालत नाहींत. तरीहि कायदा त्यांना हलत्याच मानतो. 1960 च्या कायद्याप्रमाणें, माणसांना राहण्यासाठीं तयार केलेली आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं ओढून किंवा वाहनावर घालून नेतां येण्याजोगी रचना ती कॅराव्हॅन. दोन भाग जोडून केलेली कॅराव्हॅनहि या व्याख्येंत बसते, आणि इंग्लंडमध्यें 2006 पासून तिची लांबी 20 मीटरपर्यंत व रुंदी 6.8 मीटरपर्यंत असूं शकते. एवढी ऐसपैस वास्तु कोणी मोटारीला बांधून नेत नाहीं, हें सांगावयास नकोच.

गाडी एकाची आणि जमीन दुसऱ्याची, ही या व्यवहारांतली खरी गोम आहे. गाडी कुटुंब विकत घेतें. ती जेथें उभी राहते ती जागा पार्कच्या मालकाची असते आणि तिचें भाडें वर्षाकांठीं भरावें लागतें. कराराची मुदत संपली, किंवा गाडी फार जुनी झाली असें ठरलें, कीं मालक ती उचलून न्यावयास सांगूं शकतो. ती कोठें न्यावयाची हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. हें घर प्रत्यक्षांत चालत नाहीं. पण चालूं शकतें असें कायदा धरून चालतो, आणि त्यामुळें त्यांत राहणाराचा पाय अधांतरीं राहतो.

या साऱ्या नियमांचा उगम आरोग्याच्या काळजींत आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडच्या कामकरी वर्गाला समुद्रकिनाऱ्याची गोडी लागली. आगगाडी होतीच, मोटारी वाढल्या, आणि 1938 च्या कायद्यानें पगारी रजेचें तत्त्व मान्य झालें. किनाऱ्यालगतच्या कुरणांत तंबू, लांकडी खोपटीं, जुने आगगाडीचे डबे व मोडीतल्या बसगाड्या यांची दाटी होऊं लागली. एसेक्स परगण्यांत क्लॅक्टनजवळ जेविक येथें फ्रँक स्टेडमन नांवाच्या जमीन-व्यावसायिकानें 1928 मध्यें दलदलीची जमीन घेतली आणि तिचे तुकडे पाडून लंडनकरांना उन्हाळी घरांसाठीं विकले. अशा ठिकाणीं पिण्याचें पाणी, संडास व कचरा यांची व्यवस्था नसली म्हणजे रोगराईला आमंत्रणच. म्हणून 1936 च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत एक कलम आलें: जी जमीन सलग 42 दिवसांहून अधिक, किंवा बारा महिन्यांत मिळून 60 दिवसांहून अधिक काळ अशा हलत्या निवाऱ्यांसाठीं वापरली जाईल, तिला स्थानिक संस्थेचा परवाना लागेल. तंबूंत किंवा गाडींत राहणें हा गुन्हा नव्हे. मात्र किती दिवस राहिलें तें मोजलें जाईल. दिवस मोजण्याची ही संवय तेव्हांपासून या कायद्यांच्या अंगीं मुरली आहे.

दुसऱ्या महायुद्धानें घरें पाडलीं आणि नवीं बांधण्याचें काम थांबविलें. युद्ध संपल्यावर तरुण जोडपीं, सैन्यांतून परतलेले शिपाई व कामासाठीं गांव सोडलेले मजूर कॅराव्हॅनमध्यें बिऱ्हाड थाटूं लागले. 1947 च्या नगरनियोजनाच्या कायद्यानें जमिनीच्या वापरावर सरकारचा ताबा आणला खरा, पण या गाड्यांपुढें तो तोकडा पडला. सर आर्टन विल्सन यांनीं सरकारसाठीं केलेल्या पाहणीचा अहवाल 1959 सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें 60 हजार कॅराव्हॅनमध्यें दीड लाख माणसें कायमचीं राहत आहेत असें तींत आढळलें. सुटीसाठीं निर्माण झालेली वस्तु अशा रीतीनें संसाराची वस्तु झाली होती. हा बदल कोणीं ठरवून केला नव्हता. घर मिळेना म्हणून तो झाला होता.

अहवालाच्या पाठोपाठ 1960 सालीं कॅराव्हॅनच्या जागांसंबंधींचा मुख्य कायदा झाला, आणि दुरुस्त्या होऊन तोच आजहि चालू आहे. त्याची रचना एका दाराला दोन कुलुपें असावींत तशी आहे. पहिलें कुलूप नियोजनाच्या परवानगीचें: या जमिनीवर कॅराव्हॅन असाव्यात कीं नसाव्यात, हें तेथें ठरतें. दुसरें जागेच्या परवान्याचें: असल्या तर त्या कशा असाव्यात, हें तेथें ठरतें. पहिली किल्ली नियोजन खात्याकडे, दुसरी बहुधा आरोग्य खात्याकडे. नियोजनाची परवानगी मिळाली कीं कौन्सिलला सामान्यतः परवाना नाकारतां येत नाहीं. तो तिनें दोन महिन्यांच्या आंत द्यावयाचा असतो, आणि मूळ परवानगीला मुदत नसेल तर परवान्यालाहि मुदत घालतां येत नाहीं. अटी मात्र घालतां येतात. गाड्या किती असाव्यात, कशा मांडाव्यात, आगीपासून बचाव कसा करावा, पाणी व संडास यांची सोय काय असावी, आणि वर्षांतील कोणत्या काळांत त्या राहण्यासाठीं तेथें असाव्यात, हें सारें अटींत येऊं शकतें. गाडी कोणत्या साहित्याची असावी एवढें मात्र कौन्सिलनें सांगावयाचें नाहीं, असें कलमांतच म्हटलें आहे.

सरकारनें 1989 सालीं सुटीच्या पार्कांसाठीं नमुन्याच्या अटी प्रसिद्ध केल्या. ॲल्युमिनियमच्या दोन गाड्यांमध्यें 5 मीटर अंतर असावें आणि प्लायवुडच्या असतील तर 6 मीटर. कोणत्याहि गाडीपासून 30 मीटरच्या आंत आग विझविण्याचें साहित्य असावें. मीटरभराच्या या फरकामागें ज्वालेचा हिशेब आहे. प्लायवुड लवकर पेटतें, आणि रांगेंतील एक गाडी पेटली तर शेजारचीला वाचावयास अवकाश हवा. असल्या अटींबद्दल कोणाची तक्रार असावी असें वाटत नाहीं. अट अवाजवी जाचक वाटली तर सुटीच्या पार्कच्या मालकाला 28 दिवसांच्या आंत मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांत अपील करतां येतें.

कौन्सिलचा हात कोठवर पोंचतो, याचा निकाल 1964 मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें दिला. चर्टसी अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिलनें एका पार्कच्या परवान्यांत अशा अटी घातल्या होत्या कीं, मालकानें राहणारांकडून वाजवी भाडें घ्यावें, आणि त्यांना वाटेल तेव्हां हुसकून लावूं नये. मिक्सनम्स प्रॉपर्टीज या कंपनीनें त्यांना आव्हान दिलें आणि ती जिंकली. परवान्याच्या अटी जागेच्या वापराविषयीं असाव्यात. मालक आणि राहणारा यांच्या करारांत कौन्सिलनें शिरूं नये, असा निर्णय झाला. कायद्याच्या काटेकोर दृष्टीनें तो बरोबर असेल. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, दोन गाड्यांमधील अंतर कौन्सिल फुटपट्टीनें मोजूं शकते, आणि त्या गाडींतील म्हातारीला उद्यां बाहेर काढणार असतील तर परवान्याच्या बळावर तिला कांहीं बोलतां येत नाहीं.

आतां तारखेकडे वळावयास हरकत नाहीं. हंगामाची अट कधीं नियोजनाच्या परवानगींत असते, कधीं परवान्यांत, कधीं दोन्हींत. दोन्हींत असून तारखा निरनिराळ्या असण्याचेहि प्रसंग येतात. पार्कच्या मालकानें नियोजन खात्याकडून हंगाम वाढवून घेतला तरी परवान्यांतील तारीख आपोआप बदलत नाहीं. ती बदलून घेण्यासाठीं वेगळा अर्ज करावा लागतो. एकाच कौन्सिलचीं दोन खातीं एकाच जमिनीला दोन हंगाम देतात, ही गोष्ट बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. पण जो राहावयास येतो त्यानें दोन्हींपैकीं आंखूड हंगाम पाळला तरच तो सुरक्षित.

या अटीचीं कारणें अनेक सांगितलीं जातात. सगळींच सारख्या वजनाचीं नाहींत. सर्वांत वजनदार कारण समुद्राचें. 31 जानेवारी 1953 च्या रात्रीं उत्तर समुद्रावर वादळ झालें, भरती आणि वारा एकत्र आले, आणि लिंकनशायरपासून केंटपर्यंत बांध फुटले. इंग्लंडमध्यें 307 माणसें मेलीं. त्यांपैकीं चाळिसांवर लिंकनशायरमध्यें. मेबलथॉर्प व शेजारचें सटन-ऑन-सी या गांवांत पाणी शिरलें आणि तीं रिकामीं करावीं लागलीं. सर्वांत बोलकी हकीकत जेविकची. उन्हाळ्यासाठीं विकलेल्या त्या हलक्या, एकमजली घरांत युद्धानंतरच्या घरटंचाईमुळें माणसें बारा महिने राहूं लागलीं होतीं. रात्रीं पाणी आलें तेव्हां चढून जावयाला माडी नव्हती. त्या एका वसाहतींत तिसांवर माणसें दगावलीं. उत्तर समुद्राचीं मोठीं वादळें हिंवाळ्यांतलीं; त्या काळांत तेथें कोणी झोपलेलेंच नसेल तर बांध फुटला तरी मनुष्यहानि टळते. 26 फेब्रुवारी 1990 रोजीं उत्तर वेल्समध्यें टोविन येथें समुद्राचा बांध फुटला आणि पाणी कॅराव्हॅनच्या पार्कांतून गांवांत घुसलें. आसपासच्या सुमारें 5 हजार लोकांना घरें सोडावीं लागलीं. तो ऑगस्टमधला एखादा सुटीचा दिवस असता तर काय झालें असतें, याची कल्पना त्या किनाऱ्यावरील कोणालाहि करतां येते. ईस्ट लिंडसेनें 15 मार्च आणि 31 ऑक्टोबर या तारखा निवडल्या त्या या पार्श्वभूमीवर. तेथें तारीख बोचली तरी ती पाळलेलीच बरी.

दुसरें कारण पक्ष्यांचें. 1995 सालच्या सरकारी परिपत्रकानें म्हटलें होतें कीं, पार्कच्या जवळ एखादा नाजूक अधिवास असेल आणि विणीच्या किंवा हिंवाळी चाऱ्याच्या दिवसांत तेथें शांतता हवी असेल, तर हंगामाची अट घालणें योग्य आहे. हेंहि कारण खरें आहे, पण तें त्या त्या जागेपुरतें. तिसरें कारण घराच्या बांधणीचें. ब्रिटनमध्यें सुटीच्या कॅराव्हॅनचें प्रमाण वेगळें आणि कायम राहण्याच्या घराचें वेगळें. पहिल्याला ईएन 1647 म्हणतात, दुसऱ्याला बीएस 3632. दुसऱ्यांत भिंती व छप्पर यांतून उष्णता बाहेर जाऊं नये याची काळजी अधिक घेतलेली असते. पातळ भिंतींच्या गाडींत जानेवारी काढणें म्हाताऱ्या छातीला मानवत नाहीं, हें खरेंच. पण मग अट त्या गाडीला घालावी. साऱ्या पार्कला कुलूप लावण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला सरळ उत्तर देणें कठीण आहे.

राहिलें एक कारण. तें कागदावर सौम्य भाषेंत येतें, पण बहुतेक कौन्सिलांच्या मनांत तेंच पहिलें असतें. सुटीसाठीं म्हणून दिलेल्या जमिनीवर कायमची वस्ती उभी राहूं नये. उघड्या किनाऱ्यावर किंवा डोंगरउतारावर घरें बांधावयास परवानगी मिळाली नसती. पर्यटनानें गांवाला पैसा मिळतो म्हणून कॅराव्हॅनना ती मिळाली. त्यांचींच घरें झालीं तर शाळा, दवाखाने, रस्ते यांवर भार पडेल, आणि नियोजन धाब्यावर बसेल. हा युक्तिवाद खोटा नाहीं. फक्त त्याचा खर्च कोणाच्या माथीं पडतो तें पाहावयास हवें.

1968 च्या कॅराव्हॅन-जागांच्या कायद्यानें पार्कांत राहणारांना प्रथम थोडें अभय दिलें. संरक्षित जागेवरून कोणाला काढावयाचें तर निदान चार आठवड्यांची नोटीस हवी आणि कोर्टाचा हुकूम हवा. त्याखेरीज हुसकणें किंवा छळणें हा गुन्हा ठरला. 1983 च्या कायद्यानें त्यावर मजला चढविला. कॅराव्हॅन हेंच ज्याचें मुख्य घर आहे त्याला लेखी करार मिळावा, तो करार ठराविक कारणांवरून आणि कोर्टामार्फतच मोडतां यावा, आणि घर विकावयाचें झालें तर मालकानें दलाली शेंकडा 10 हून अधिक घेऊं नये, असे हक्क आले. चर्टसीच्या कौन्सिलला जें परवान्यानें करूं दिलें नाहीं, तें पार्लमेंटनें कायद्यानें केलें.

परंतु संरक्षित जागा कोणती? 1968 च्या कायद्याच्या पहिल्याच कलमांत तिची व्याख्या आहे, आणि तींतून दोन प्रकार वगळले आहेत. ज्या जागेची परवानगी किंवा परवाना केवळ सुटीच्या उपयोगासाठीं म्हणून दिला असेल ती जागा संरक्षित नव्हे. आणि ज्या जागेवर वर्षांतील कांहीं काळ राहण्यासाठीं एकहि कॅराव्हॅन ठेवतां येणार नाहीं अशी अट असेल, तीहि संरक्षित नव्हे. कांहीं काळ म्हणजे चार महिने कीं चार दिवस, याचा तेथें विचार नाहीं. कित्येक पार्कांचा हंगाम आतां साडेदहा किंवा अकरा महिन्यांचा झाला आहे. अकरा महिने राहणारा माणूस व्यवहारांत तेथील रहिवासीच असतो. पण उरलेला एक महिना त्याच्या डोक्यावरचें छत्र पुरें काढून घेतो. पुरासाठीं, पक्ष्यांसाठीं किंवा रानाच्या शोभेसाठीं घातलेली तारीख, जिच्याशीं तिचा कांहीं संबंध नव्हता अशा गोष्टीचाहि निकाल करून टाकते.

याचा फटका कोणाला बसतो? कोकराच्या कातड्याचा कोट घालून शनिवार-रविवार येणाऱ्या शहरी माणसाला तो बसत नाहीं. त्याचें घर दुसरीकडे आहे. तो बसतो निवृत्त झालेल्या जोडप्याला. त्यांचें विटांचें घर विकलेलें असतें. आलेल्या पैशांतून मुलांना कांहीं दिलेलें असतें. उरलेल्यांतून समुद्राकांठीं ही चकचकीत गाडी घेतलेली असते. विकणारानें अकरा महिन्यांचा हंगाम अभिमानानें सांगितलेला असतो, आणि बाराव्या महिन्याचा विषय हंसण्यावारीं नेलेला असतो. तो महिना मुलीकडे जातो, किंवा एखाद्या स्वस्त खोलींत. पार्क मुख्य घराचा पुरावा मागतें, तेव्हां मुलीचाच पत्ता दिला जातो. डॉक्टरचें पत्र तेथें, बँकेचा कागद तेथें, आणि माणूस येथें. मुलीचें बिऱ्हाड मोडलें, किंवा दोघांतला एक गेला, म्हणजे हा सारा डोलारा कोसळतो. पार्कच्या मालकानें जागा सोडावयास सांगितलें तर त्यांच्यापाशीं केवळ कराराचा कागद असतो. करारांत तर लिहिलेलेंच असतें कीं, हें तुमचें मुख्य घर नव्हे.

बंदीच्या महिन्यांत जाऊन तपासणी करावी तर कौन्सिलपाशीं साधनें तुटपुंजीं आहेत. 2013 च्या कायद्यानें कौन्सिलांना परवान्याची वार्षिक फी घेण्याचा व मालकाला सुधारणेची सक्तीची नोटीस देण्याचा अधिकार मिळाला, पण तो इंग्लंडमधील कायम वस्तीच्या पार्कांपुरता. सुटीच्या पार्कांवर ती फी नाहीं, म्हणून त्यांच्या देखरेखीचा खर्च कौन्सिलच्या सर्वसाधारण तिजोरींतून यावयाचा. परवान्याची अट मोडली तर मॅजिस्ट्रेटपुढें खटला भरावा लागतो. मालक पूर्वीं दोनदां दोषी ठरला असेल तरच तिसऱ्या वेळीं परवाना रद्द करण्याची मागणी कोर्टापुढें करतां येते. नियोजनाची अट मोडली तर नोटीस देतां येते. पण ती सलग दहा वर्षें बिनबोभाट मोडली गेली असें सिद्ध झालें तर मोडणाराचेंच पारडें जड होतें. परिणामीं कांहीं ठिकाणीं अट कडक, कांहीं ठिकाणीं नांवापुरती, आणि राहणाराला दोहोंतला फरक सांगणारें कोणी नाहीं. डोळेझाक ही कांहीं दया नव्हे. डोळेझाकीच्या आश्रयानें राहणारा माणूस तक्रार करावयास कधींच कौन्सिलकडे जात नाहीं. गळक्या नळाचीहि नाहीं, आणि मालकाच्या दांडगाईचीहि नाहीं.

तारखेऐवजीं दुसरा मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. 2006 सालीं पर्यटनाच्या नियोजनावर एक सरकारी मार्गदर्शिका निघाली. तिनें सुचविलें कीं, पार्क बारा महिने उघडें ठेवावयास हरकत नसावी. मात्र तीन अटी असाव्यात. कॅराव्हॅनचा उपयोग सुटीसाठींच व्हावा. ती कोणाचें एकमेव किंवा मुख्य घर असूं नये. आणि मालकानें सर्व राहणारांचीं नांवें व त्यांच्या मुख्य घराचे पत्ते नोंदवहींत ठेवून कौन्सिलला पाहूं द्यावेत. ती मार्गदर्शिका 2014 मध्यें मागें घेतली गेली, तरी तिच्या धर्तीच्या अटी अनेक कौन्सिलांनीं उचलल्या. तारखेपेक्षां हा मार्ग सरळ आहे. जें नको तेंच तो थेट सांगतो, आणि नोव्हेंबरांत लाटा पाहावयास येणाऱ्या पाहुण्याला विनाकारण अडवीत नाहीं. गांवच्या दुकानदारालाहि हिंवाळ्यांत चार पैसे मिळतात. पण जागा सुटीचीच राहिली म्हणजे 1968 च्या व्याख्येंतला पहिला अपवाद लागू होतो, आणि राहणाराला अभय नाहीं तें नाहींच.

2020 सालीं या सर्व व्यवस्थेची अकस्मात् परीक्षा झाली. कोविडच्या सांथींत 26 मार्च रोजीं निघालेल्या नियमांनीं इंग्लंडमधील सुटीचीं निवासस्थानें बंद केलीं. आणि त्यांच नियमांत, जे कोणी तेथें मुख्य घर म्हणून राहत असतील किंवा ज्यांना आपल्या मुख्य घरीं परततां येत नसेल, त्यांच्यासाठीं अपवादहि ठेवावा लागला. परवाने म्हणत होते कीं अशीं माणसें असावयाचींच नाहींत. सरकारचे नियम म्हणत होते, तीं असतील तर त्यांना बाहेर काढूं नका. पुढें जुलैंत मंत्र्यांनीं कौन्सिलांना कळविलें कीं, पार्कांना बुडालेला धंदा भरून काढतां यावा म्हणून हंगामाच्या अटींची अंमलबजावणी त्या हिंवाळ्यांत सैल ठेवावी. तारीख धंद्यासाठीं सैल होऊं शकते, हें त्यावरून दिसलें. राहणाराच्या हक्कासाठीं ती सैल करण्याचा विचार मात्र त्या पत्रकांत नव्हता.

पुराच्या पट्ट्यांतली तारीख आणि इतरत्रची तारीख यांत कायद्यानें भेद करावा, हा यांतून निघणारा सरळ मार्ग आहे. समुद्र जेथें खरोखर दाराशीं आहे तेथें बंदीचा काळ कडक असावा, आणि तेथें जागा विकणारानें तो काळ व त्याचें कारण मोठ्या अक्षरांत सांगावें. जेथें असें कारण नाहीं, आणि मालक वर्षानुवर्षें जाणूनबुजून कायमच्या रहिवाशांकडून भाडें घेत आला आहे, तेथें निदान नोटीस आणि कोर्टाचा हुकूम एवढें तरी संरक्षण अशा रहिवाशाला मिळावें. नियमभंगाचा लाभ मालकाला आणि शिक्षा राहणाराला, ही वांटणी बरी नव्हे. वेल्समध्यें 2014 पासून पार्कांना स्वतःचा वेगळा कायदा लागू आहे, पण सुटीचीं पार्कें त्याच्याहि बाहेर ठेवलेलीं आहेत.

तूर्त ज्याला समुद्राकांठीं असें घर घ्यावयाचें आहे त्याच्यापुरती एक सोय 1960 च्या कायद्यांतच आहे. तिनांहून अधिक गाड्यांच्या पार्कांत परवान्याची प्रत सहज दिसेल अशा जागीं लावावी, अशी अट कौन्सिलला परवान्यांत घालावीच लागते. आणि प्रत्येक कौन्सिलला आपल्या हद्दींतील परवान्यांची नोंदवही ठेवावी लागते. ती वाजवी वेळीं कोणालाहि पाहतां येते. नियोजनाच्या परवानगींची नोंदहि तशीच खुली असते. हंगामाच्या तारखा, आणि जागा कोणत्या उपयोगासाठीं दिली आहे त्याचे शब्द, हीं दोन्ही त्या दोन नोंदींत सांपडतात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकांत तीं असतीलच असें नाहीं.